ढेकर तू काढ

आई, तुला सांगायचं राहिलं, मला मुलगी झाली. म्हणजे आम्ही दत्तक घेतली, तीन महिन्यांची. तू जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, पण हे तुझ्याशीच बोलण्यासारखं आहे. तिला डब्याचं दूध पचेना. जावेचं पोरगं पाच महिन्यांचं. ती म्हणाली, "अक्का, मी पाजू का? मला भरपूर येऊन राहिलंय." मी म्हटलं, वाटीत काढून दे. आणि म्हशीचं दूध तापवावं तसं ते गॅसवर उकळायला ठेवलं! जाऊ हसून हसून खाली बसली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिच्या तपासण्या केल्या आणि सरळ अंगावर पाजा म्हणाल्या.

महिनाभरात लेकरानं बाळसं धरलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण जाऊ तिला पाजून खांद्यावर घ्यायची, गाणं म्हणत झोपवायची, आणि मी शेजारी दुपट्यांच्या घड्या घालत बसायची. ही माझी होईल की तिचीच होऊन बसेल, एवढाच विचार दिवसभर.

तेव्हा वसमतच्या मावशीनं दत्तक घेतलेलं बाळ मला आठवलं. मी आठ वर्षांची, धाकटा तुझ्या अंगावर पीत होता, म्हणून मावशी बाळाला घेऊन आपल्याकडे राहायला आलेली. हळद शिजवायचे दिवस. तू रानातून येतेस, हात धुतेस, आधी मावशीच्या बाळाला पाजतेस आणि त्याचं तोंड पुसायच्या आत ते तिच्या मांडीवर ठेवतेस. "घे, ढेकर तू काढ." कधी मुका नाही, कधी अंगाई नाही. मी विचारलं, "आई, त्याला तू काहून खेळवत न्हाईस?" तू खेकसलीस, "त्याची माय हाय न घरात? तू आपलं काम कर." मला तू कोरडी वाटलीस. तुझ्या दहाव्याला मी मावशीला तसं बोलूनही दाखवलं.

मागच्या आठवड्यात ही गोष्ट जावेला सांगितली. पुढच्या वेळी पाजून झाल्यावर तिनं लेकरू माझ्या खांद्यावर ठेवलं. "घ्या अक्का, तुमी काढा." लेक माझ्या पाठीवर दूध ओकली आणि मला रडू आलं. तू मावशीला रोज काय देत होतीस, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. फार उपकार आहेत तुझे.

मग मावशीला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "कोरडी न्हवती गं ती. एकदा मी पाणी घेऊन आले, तर त्याला छातीशी धरून मुके घेऊन राहिली होती. मी दाराबाहेरच थांबले. तिला कळू दिलं न्हाई."

काल मी बाजारातून आले, तर जाऊ माझ्या लेकीच्या तळपायाचे मुके घेत होती. मला मावशीसारखं थांबता आलं नाही, आई. मी चपला वाजवत आत गेले.