मनी पुण्याला जायची नाही

६ मे ८४, रविवार
वन्सं आज जेवताना बोलून मोकळ्या झाल्या. "मनीला मी पुण्याला नेते. जूनपासून आमच्याकडेच राहील, तिथल्या शाळेत जाईल. रत्नागिरीत मुलांना आहे काय? ना बाग, ना सर्कस, ना पेशवे पार्क." सा. बा. (सासूबाई. वहीत तरी एवढी सूट!) आमटी वाढता वाढता मान डोलावत होत्या.
वन्संना मूल नाही. दुःख मोठं आहे, मला कळतं. पण म्हणून माझी सहा वर्षांची पोर म्हणजे काय आंब्याची पेटी, भरली आणि दिली पाठवून? तोंडावर एवढंच म्हटलं, "बघू." हे मुंबईला. विचारायचं कुणाला?
काय आहे रत्नागिरीत? दाखवतेच.

७ मे, सोमवार
दोन्ही पोरांना घेऊन सकाळीच सड्यावर, वरच्या कातळमाळावर. करवंदं. फोडून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. बंड्या प्रत्येक वेळी "कोंबडा" म्हणून हरला आणि भोकाड पसरलं. मनीने स्वतःचे कोंबडे त्याला दिले. चार वर्षांचा आहे, लगेच हसला. फ्रॉक, सदरा, सगळं डागलं.
वन्सं : "हे काय रानटी खेळ!"
मी : "फुकट आहेत ना, म्हणून रानटी."
बोलून गेले खरी. बरं वाटलं.

९ मे, बुधवार
काल घरकामातून डोकं वर काढता आलं नाही. आज किल्ल्याकडचा दीपस्तंभ. रखवालदाराने वरपर्यंत जाऊ दिलं. बंड्या पायऱ्यांवर मध्येच बसला, "आता तू मला घे." घेतला. वर वारा असा की मनीच्या रिबिनी उडाल्या. खाली बघून म्हणाली, "आपलं घर कुठलं गं?" दाखवलं. कौलांच्या गर्दीत मलाही नक्की दिसलं नव्हतं, पण दाखवलं.
घरी येऊन वन्संना सांगायला गेली तर त्या म्हणाल्या, "पर्वती याच्यापेक्षा उंच आहे हो." मनी तशीच मागे फिरली.

१० मे, गुरुवार
आज जे झालं ते लिहिताना हसूच येतंय.
भाट्याच्या वाळूवर मच्छीमार रापणीचं जाळं ओढत होते. लांबच लांब दोर, दोन्हीकडून माणसं. मनी धावत जाऊन दोराला लागली, मागे बंड्या. मी पण पदर खोचला. हो, ओढला! कोण बघतंय?
जाळं बाहेर आलं, वाटे झाले. एक म्हातारी खारवीण मनीपुढे मूठभर तारल्या, चांदीसारखे छोटे मासे, टाकून म्हणते, "घे गो बाय. दोराला हात लावलास, तुजा वाटा."
मी म्हटलं, "अहो, आम्ही खात नाही."
"खाव नुको. पन वाटा नाय म्हनू नुको. जाल्याला बरा नसता."
बंड्याच्या टोपीत घेतल्या. वाटेत कुणालातरी देऊन टाकू असं मनात. पण मनी टोपी घेऊन पुढे पळाली ती थेट अंगणात. तिथे सा. बा. आंब्याची साटं (आंबापोळी) ताटांत वाळत घालत होत्या. त्या ताटांना अगदी खेटून पोरीने टोपी उपडी केली. "आजी, माझा वाटा!"
"अगो सुमन! सगळी साटं बाटली!" अशा किंचाळल्या की शेजारचे कुंपणाशी आले.
वन्सं : "हेच ते संस्कार. आता तरी पोरीला सोडशील की नाही?"
मी : "चोरून आणलेलं नाही. हात सोलून मिळवलंय तिने. आंघोळ सांगा, करते. पोर मागू नका."
अखेर बोलले. सा. बा. पहिल्यांदाच माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.
तारल्या भांडी घासणाऱ्या सखूला मनीने स्वतः दिल्या. रडत रडत. वाटा होता तिचा.

१३ मे, रविवार
हे आले. तारल्यांची कथा वन्संनी त्यांना माझ्याआधी सांगितली. हे म्हणतात, "ताईचं अगदीच चूक नाही. एक वर्ष बघू."
"तुम्ही बघा. तुम्ही तसेही लांबूनच बघता."
जेवले नाहीत धड. मीही नाही. संध्याकाळी कळलं, वन्संनी उद्या सकाळच्या पुणे गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. मला न विचारता. मनीची पिशवीसुद्धा भरली. मनीला विचारलंय? तेही नाही.
मी काही बोलले नाही. हे म्हणाले, "शहाणी आहेस."

१४ मे, सोमवार
पहाटे मनीला उठवलं. तेल लावलं, दोन वेण्या घातल्या. घरात सगळ्यांना वाटलं, गाडीची तयारी. सा. बा. देवाजवळ होत्या. मी बंड्याला कडेवर घेतलं, मनीचा हात धरला आणि मागच्या दाराने बाहेर. सा. बां.नी मान वळवून पाहिलं. हाक मारली नाही.
हे लिहितेय ते पांढऱ्या समुद्राच्या वाळूवर बसून, पेन्सिलीने. गाडी सुटली असेल आता. नसेल तर सुटू दे. पोरं खड्डा खणतायत, त्यात पाणी आलं की ओरडतायत.
भीती वाटतेय का? वाटतेय. घरी काय वाढून ठेवलंय देव जाणे. पण उठणार नाही.
लांबून वाळूवरून कुणीतरी येतंय. हे असावेत, की वन्संच, उन्हात कळत नाही. मनीने विचारलं, "आई, कोण येतंय?"
म्हटलं, "येऊ दे. तू खण."