बोटावरची शाई

आलापल्ली,
६ फेब्रुवारी २००५

प्रिय सुकरी,

हे पत्र मुद्दाम पोस्टात टाकलं नाई. होस्टेलवरची करिष्मा मंगळवारच्या बाजाराले तुमच्या गावाकडं येऊन राह्यली, तिच्याच हाती देते. वाच अन् चुलीत घाल. रागानं न वाचताच घातलं तरी मी काय करणार म्हणा, पण बाई, एकदा वाच.

बोट कसं आहे? करिष्मा सांगत होती, नख गेलं म्हणून. शाई निघावी म्हणून कच्चा बिबा घासला म्हणे तू. अगं, बिब्याचं तेल कातडी जाळते हे तुले काय मी सांगू? पण घाबरलेल्या माणसाले दुसरं काय सुचणार! ऐकल्यापासून मले जेवण जात नाई.

शाई मीच आणली होती. तालुक्यातल्या अकरावी-बारावीच्या पोरापोरींनी आपल्यातलाच एक निवडायचा, अन् त्यानं गडचिरोलीले युवा सभेत साहेबलोकांपुढं, आमदारांपुढं आपलं म्हणणं मांडायचं, असं संस्थेच्या सरांनी सांगतलं तेव्हा पहिला हात माझाच वर. सर, अगदी खऱ्यासारखं करू, पेटी ठेवू, बोटाले शाई लावू! प्रयोगशाळेतलं सिल्व्हर नायट्रेट लावलं की पंधरा दिवस डाग जात नाई, हे सायन्सवाल्या शाजियाले ठाऊक. लय शहाणी न मी! तुझी पाळी आली तेव्हा तू हात मागं घेतला. लावाच लागते काय, असं हळूच विचारलं. अन् मी सगळ्यांसमोर म्हणलं, शाई नाई त मत नाई. तुझं बोट धरून काडी फिरवली ती मीच.

आता पुढचं वाचून मले शिव्या दे. मले ठाऊक होतं. आक्टोबरात मोठ्या निवडणुकीच्या वेळी तुमच्याकडं जंगलातल्या लोकांचे कागद झाडांवर लागले होते, मत देणाऱ्याचं बोट राहणार नाई म्हणून. तुमच्या गावातून कोणीच गेलं नाई. आमच्या घरी त अम्मी, आरिफभाई सगळे मत देऊन आले, बोटं दाखवत फिरले. मले वाटलं, हे कॉलेजातलं मतदान, पोरांचं, त्याले कोण काय म्हणते? पण शनिवारी एस.टी.तून उतरलेल्या पोरीचं काळं बोट पाहणारा थोडीच विचारणार होता, हे कॉलेजचं का सरकारचं? एवढं माझ्या डोक्यात आलं नाई. का आलं होतं अन् मीच मागं ढकललं? ते मले आजही नीट सांगता येत नाई. मी पण उभी होती न. तुले एकेचाळीस मतं, मले एकोणीस. मोजताना माझं तोंड उतरलं होतं, तुले दिसलंच असेल.

त्या शनिवारी तू गावाले गेली ती परत आलीच नाई; तुझे बाबा, वारलूभाऊ, होस्टेलवर आले अन् तुझी कपड्यांची पेटी घेऊन गेले. माझ्याकडं पाहून एवढंच म्हणले, बाई, तुमचं आलापल्लीत चालून जाते. त्यापेक्षा रागावले असते त बरं झालं असतं. ते चहाही न घेता गेले.

तू नाई म्हणून सरांनी दुसऱ्या नंबरच्या मले गडचिरोलीले पाठवलं. तुझा भाषणाचा कागद गादीखाली राहून गेला होता, तो करिष्मानं दिला. मी माझं भाषण ठेवून दिलं अन् तुझंच वाचलं. पावसाळ्यात नाल्याच्या पलीकडं चार महिने एस.टी. येत नाई, म्हणून सात गावांतल्या किती पोरी दहावीनंतर घरी बसल्या, ते तू गावागावानं लिहिलं होतं. अन् ते वाक्य, आमच्याकडं जो येते तो विचारते, दुसरे कोण येऊन गेले. शाळा काऊन सोडली हे कोणीच विचारत नाई. ते वाचून मी खाली बसली. मग टाळ्या. टाळ्या मले पडल्या, सुकरी. एका साहेबांनी पाठ थोपटली. परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडं तोंड करून रडली.

आता पत्राचं कारण सांगते. संस्था या भाषणांचं पुस्तक छापून राह्यली, ग्रामपंचायती-ग्रामपंचायतीत वाटणार. चोरी केल्यासारखं मनाले लागलं होतं, म्हणून मी सरांना ठणकावून सांगतलं, हे भाषण माझं नाई, सुकरीचं आहे, तिचं नाव टाका, गावही टाका. घरी येऊन आरिफभाईले मोठ्या तोऱ्यात सांगतलं. त्यानं शिलाई मशीन थांबवली अन् म्हणला, तिले विचारलं काय? नाई विचारलं. पुन्हा नाई विचारलं! तशीच पळत एस.टी.डी.वर जाऊन सरांना फोन लावला. शुक्रवारपर्यंत छपाई थांबवली आहे. तुझं नाव टाकू? माझं टाकलं त तुझे शब्द कायमचे माझे होतील. नुसतं 'एक विद्यार्थिनी' लिहू? का भाषणच काढून घेऊ? तू सांगशील तसं. करिष्मा गुरुवारी परत येते, तिच्याजवळ तोंडी निरोप दिला तरी चालते. अन् तू काहीच बोलली नाई, त मी त्याले 'नाई'च समजेन अन् भाषण काढून घेईन.

तुझीच,
शाजिया