सुई कायले मांगू?

शुक्रवार, संध्याकाळ. गोंदिया.

आई आज चालली. वॉकर धरून दवाखान्याच्या वॉर्डातल्या खिडकीपर्यंत गेली आणि परतही आली. तरी मनात कालचंच घोळून राहिलं आहे.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन सरकारी योजनेच्या कार्डावर झालं. मंजुरी येईपर्यंत सगळा उन्हाळा ती सौंदडच्या घरी भिंत धरून चालली. शेजारच्या खाटेवरच्या काकूंकडे मुलाच्या कंपनीचा विमा, त्यांना लगेच तारीख मिळाली. काल त्या जरा दुखलं की सिस्टरला हाक मारायच्या. आई मात्र गप्प. चादर तेवढी मुठीत घट्ट धरलेली. ती मूठ दिसली तेव्हा मी विचारलं, "दुखून राहिलं का?"

"दुखते. पण फुकटात ऑपरेशन झालं, वरून सुई कायले मांगू?"

तिच्यावर रागावू की काय करू, कळेना. दुखायलाही कार्ड लागतं का? मी सिस्टरला बोलावलं आणि आईला म्हटलं, "आता तूच सांग."

"बाई, बहुत दुखून राहिलं," आई हळूच बोलली.

"मग आजी, आधी काऊन नाही सांगितलं?" सिस्टरनं काकूंना दिलं तेच इंजेक्शन दिलं. कार्ड कोणी विचारलं नाही. थोड्या वेळानं मूठ सुटली, आई झोपली.

आज दुपारी समोरच्या खाटेवर ऑपरेशन झालेली एक बाई आणली. तीही योजनेतलीच, ओठ चावत पडून होती. माझ्या आधी आईच ओरडली, "दुखते त सांग ना वं! देतेत इथं सुई."

बाई दचकली, मग हसली, आणि तिनं खरंच सिस्टरला हाक मारली.