करवतीची दुसरी मूठ

अण्णा, आज तुमच्या नातीला लातूरला क्लाससाठी ठेवून आले. तिला डॉक्टर व्हायचंय. खोली चौथ्या मजल्यावर मिळाली. खालची मागितली तर हॉस्टेलवाल्या बाई म्हणाल्या, खाली मेस आहे, आणि एवढं घाबरायला काय झालं? भूकंपाच्या गावची आहे म्हटलं असतं तर सगळंच सांगत बसावं लागलं असतं. खांब बघितले, जिना बघितला, तिच्या पलंगाच्या वर छताला काय आहे ते बघितलं. नुसता स्लॅब. लाकडाचं नाव नाही. तुमची करवत इथं काय कामाची, असं मनात आलं.

ती दोघांनी ओढायची करवत अजून माझ्याकडं आहे, माळ्यावर, गोणपाटात गुंडाळलेली. काका नांदेडला आरा मशीनवर कामाला लागले, तिची दुसरी मूठ रिकामी झाली, आणि तुम्ही तिथं मला उभं केलंत. पोरगी जळतण कापून राहिली म्हणून गाव हसलं, पण तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्ही चिडायचात ते मी ढकलायचे म्हणून. पातं लचकायचं, बाभळीच्या ओंडक्यात अडकायचं, आणि मी रडकुंडीला यायचे. "तू तुझ्याकडं ओढ. माझी पाळी आली की मूठ नुसती धर," एवढंच तुम्ही म्हणायचात. हळूहळू जमलं. मग पात्यातून पलीकडचा माणूस कळायला लागला. तुम्हाला दम लागला, भूक लागली, कुणाचा राग आला, तर तोंडाकडं बघायची गरज पडेना.

भूकंपाची ती सकाळ. पाऊस सुरू झालाय. आपण दोघं बाहेर ओट्यावर झोपलेलो म्हणून वाचलो, आई आत आहे. घरावरचं मातीचं माळवद खाली बसलंय आणि त्याची लाकडी तुळई तिच्या मांड्यांवर आडवी पडलीय. हातानं माती उपसून आपण तिच्यापर्यंत पोचलोय, पण तुळई हलत नाही. कुऱ्हाड चालवावी तर दणक्यानं वरचे दगड तिच्या अंगावर येतील. तुम्ही करवत शोधून काढता. तुळईखाली दोन्हीकडं दगडांचे टेकू लावता, चीर मिटू नये म्हणून पाचर हातानंच आत सरकवता. "काही न्हाई होत. ओढ, माय," तुम्ही म्हणता. आवाज रोजचाच आहे. पण पात्यातून माझ्या मुठीत तुमच्या हाताची थरथर येतेय. जमीन हलली तेव्हासुद्धा मी इतकी भ्याले नव्हते. तुम्ही भ्यालात म्हणजे आई जाणार, एवढंच मला कळत होतं.

"अण्णा, तुम्ही भ्यालात का?"

"थंडी हाय," तुम्ही म्हणालात.

मी बरं म्हटलं आणि ओढत राहिले. आई निघाली. लंगडत का होईना, तुम्ही गेल्यावरही बरीच वर्षं चालली.

मी मात्र तिथंच राहिले. रस्त्यानं जड ट्रक गेला तरी आधी दाराकडं बघते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं घरचे म्हणतात. मध्यंतरी नांदेडकडं जमीन हलल्याची बातमी आली तेव्हा हे लातूरचं मोडूनच टाकावं वाटलं. पण पोरगी हटून बसली, आणि तिचं काही चूकही नव्हतं.

हॉस्टेलची लिफ्ट बंद होती. तिची पत्र्याची पेटी आम्ही दोघींनी जिन्यानं नेली, ती पुढं, मी मागं, एकेक कडी धरून. वेळेवर जेव, रोज फोन कर, असं काहीबाही मी सांगत होते. आवाज अगदी नीट ठेवला होता. तिसऱ्या मजल्यावर ती थांबली. मागं न बघताच म्हणाली, "आई, तू भिऊन राहिलीस का?"

"पेटी जड हाय," मी म्हणाले.

पेटीत चार कपडे आणि एक उशी. पुस्तकं तर आधीच वर गेली होती. तिनं आपल्या बाजूनं पेटी जरा जास्त उचलून धरली आणि आम्ही उरलेला जिना चढलो.

हे पत्र कुठं टाकणार? करवतीच्या गोणपाटातच ठेवीन. एक तुम्हाला कधी बोलले नाही, अण्णा. ते थंडीचं मला तेव्हाही पटलं नव्हतं. पटलं असं दाखवलं, कारण पुढची ओढ तुमची होती, मला मूठ नुसती धरायची होती.