बंपरवर दोन, टपावर एक

शनिवार, ८ नोव्हेंबर. रात्री ९.४०

दौंड ते मांडवगण, समोरून आलेली वाहने एकतीस. डिपर देणारी दोन. त्यातल्या एकाचा दिवा बहुधा खड्ड्यामुळे खाली गेला. या आकड्यांची कुठेतरी नोंद राहावी म्हणून आजपासून ही वही. चोवीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवून मी समाजाकडून काय मागितलं? शाल नको, नारळ नको, निरोप समारंभात खोटी भाषणं नकोत. समोरून येताना दिवा तेवढा खाली करा. तेवढंही होत नाही. असो.

माझी मुलगी अपेक्षा शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं पुण्याच्या कॉलेजातून येते. तिला स्टेशनवरून घरी आणायचं काम माझं. पाऊण तास ती आणि मी. घरात पाऊल टाकलं की ती आईची होते, म्हणून हा पाऊण तास मी कुणाला देत नाही.

आज तिनं वाटभर गाडीच्या दारावरचं हँडल धरून ठेवलं होतं. भीमेचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, बाबा, तो उसाचा ट्रॅक्टर दिसला ना तुम्हाला? म्हणालो, म्हणजे काय! (मला ते वळणावरचं झाड वाटलं होतं. पण झाड रस्त्याच्या मध्ये नसतं, असा तर्क करून वेळेत ब्रेक मारला. विज्ञानाचा उपयोग.) घरी आल्या आल्या आईला सांगून मोकळी: पुढच्या शनिवारपासून मी वडापच्या, सीटवर भाडं घेणाऱ्या जीपनं येईन.

नीलम म्हणाली, अहो, एकदा डोळे दाखवून घ्या. हिला लग्नापासून सगळे दोष माझ्यातच दिसतात. दोष गाडीच्या दिव्यांत आहे. कंपनीनं हेडलाइट दिलेत की देवघरातली निरांजनं, कळत नाही.

संकल्प: पुढच्या शनिवारच्या आत जादा दिवे. अपेक्षा जीपमध्ये बसणार नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

अभ्यास. व्हिडिओ अकरा. ल्युमेन, केल्विन, बीमचा कोन, सगळं वहीत उतरवलं. पिवळा प्रकाश धुक्यात बरा, पांढरा लांब जातो. बाजारातल्या माणसाला हे माहीत नसतं, त्यामुळे तो फसतो. मी फसणार नाही.

नीलमनं दौंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवला. मी त्यावर दूधवाल्याच्या हिशेबाचा कागद लावला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. शिरूर

विनोदचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. माझा विद्यार्थी. दहावीला विज्ञानात काठावर पास. प्रात्यक्षिकाचे गुण मीच दिले होते, हात जरा सैल सोडला, त्याचे परिणाम आज भोगले. पुढे पाबळला जाऊन वायरिंग शिकला, आता मलाच शिकवतो. म्हणे, सर, पिवळे दोन फॉग घ्या, खाली बंपरला बसवू. रिले टाकून हेडलाइटच्या अपरला जोडतो, म्हंजी तुम्ही डिपर मारला की हे पण आपोआप बंद.

मी म्हणालो, आपोआप काही नको. प्रकाश कधी द्यायचा आणि कधी काढून घ्यायचा, हे चालकाच्या विवेकावर पाहिजे. वेगळा स्विच बसव, हँडब्रेकच्या शेजारी.

तो म्हणाला, सर, एक हात गिअरवर, एक स्टेरिंगवर. स्विच काय पायानं दाबणार का? दुकानात बसलेले दोघं हसले. मी शिक्षकी नजर टाकली. दिसली असावी.

स्विच माझ्या म्हणण्याप्रमाणे बसला.

शनिवार, १५ नोव्हेंबर. रात्री १०

दिवे लावून स्टेशनवर हजर. अपेक्षा आली, दिवे पाहिले, छान आहेत म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली. सीट आधीच सांगून ठेवली होती म्हणे.

हरकत नाही. मी जीपच्या मागून निघालो. बाप मुलीला घरापर्यंत पोचवतो, मग ती कुठल्या का गाडीत असेना. सगळे दिवे चालू ठेवले, म्हणजे तिला पुढचाही रस्ता दिसेल. जीपवाला दोनदा थांबला, खाली उतरला आणि हातवारे करून काहीतरी बोलला. आभार मानत असावा. काच बंद होती.

घरी आल्यावर अपेक्षा म्हणाली, बाबा, जीपमधले सगळे विचारत होते, मागचा येडा कोन हाय? मी ओळख दिली नाही.

गुणी पोर. बापाचा मोठेपणा मिरवत नाही.

पण खरं सांगायचं तर मला स्वतःला त्या जीपचे लाल दिवे सोडून फार काही दिसलं नाही. दोन दिवे कमी पडतात.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

एलईडी बार. बेचाळीस इंची. टपावर कॅरिअर लावून त्यावर. विनोद म्हणाला, सर, हे रस्त्यावर चालत न्हाई, पोलीस धरतील, आन् समोरच्याचं काय? म्हणालो, समोरच्यानं माझा विचार कधी केला? एकतीसपैकी दोन.

आमची गाडी लहान. लांबून टपावर कुणीतरी कंदिलांचं दुकान मांडल्यासारखं दिसतं, असं नीलमचं मत. तिला विज्ञानाची आवड कधीच नव्हती.

बुधवार, १९ नोव्हेंबर. रात्री १.२०

आत्ता घरी आलो. शेजारचे सर्जेराव आबा संध्याकाळी आले. म्हणाले, मास्तर, तुझ्या गाडीला लई उजेड हाय म्हणत्यात. आमच्या रानात ट्रॉली भरायची हाय, कामगार बिबट्याला भेत्यात, जरा घटकाभर उजेड धर की. समाज हाक मारतो तेव्हा जावं लागतं. गेलो.

घटकाभर म्हणजे चार तास. मी गाडीत, पुढे ट्रॉली, मागे दुसरी ट्रॉली, दोन्ही बाजूंना ऊस. पुढेही जाता येईना, मागेही येता येईना, उतरताही येईना, कारण कामगारांतल्या दोघींनी उसात काहीतरी हललेलं पाहिलं होतं. ऊसतोडीच्या बायका दर थोड्या वेळानं ओरडत, ओ लाइटवाले, जरा डावीकडं. चोवीस वर्षांच्या सेवेनंतर लाइटवाले. सव्वाबाराला बॅटरी गेली आणि सगळे एकदम अंधारात. त्यानंतर त्यांनी जी भाषा वापरली ती इथे लिहीत नाही. गाडी ढकलून बाहेर काढली ती मात्र त्यांनीच.

आबा म्हणाले, उद्या बी ये.

संकल्प: मोठी बॅटरी.

शनिवार, २२ नोव्हेंबर. रात्री ८.५०

अपेक्षाचं सबमिशन आहे, आली नाही. तरी दौंडपर्यंत जाऊन आलो, नव्या बॅटरीवर चाचणी. बार लावल्यावर समोर एकदम दिवस झाल्यासारखं पांढरं होतं. त्या पांढऱ्यात काय आहे ते तितकंसं कळत नाही, पण पांढरं होतं.

परिणाम जाणवू लागला आहे. इनामगावच्या फाट्याच्या अलीकडे समोरून एक मोटरसायकल आली आणि बार दिसताच थेट रस्ता सोडून खाली उतरली. अगदी उसाच्या कडेला. याला म्हणतात वाट देणं. मी सौजन्य म्हणून दिवा बंद करायला हँडब्रेकजवळ हात घातला, आधी पाण्याची बाटली हाताला लागली, मग चार्जर, स्विच सापडेपर्यंत बराच पुढे गेलो होतो. मागून कॅन गडगडल्यासारखा आवाज आला.

प्रत्येक ठिकाणी थांबत बसलो तर घरी कधी पोचणार.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी दूध आलं नाही. नीलम चौकशी करून आली. आपले दूधवाले साहेबराव काल रात्री पडले. गुडघा सोलला, घोट्याला पट्टी. गोळा केलेलं एकोणीस लिटर दूध रस्त्याकडेच्या चारीत सांडलं. कुठल्या तरी गाडीचा लाइट डोळ्यांवर आला म्हणे.

मी तीव्र निषेध नोंदवला. लोक वाटेल तसले दिवे लावतात. आरटीओला पत्र लिहिणार. मसुदा सुरू केला: 'महोदय, अलीकडे काही बेजबाबदार वाहनचालक…' नीलम समोर उभी राहून ऐकत होती. चहा काळा दिला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

काळा चहा. पत्राचा मसुदा अपुरा. 'वाहनचालक'च्या पुढे सरकत नाही.

शाळेत भिंगांचा धडा. फळ्यावर डोळ्याची आकृती काढली, बुबुळ, भिंग, दृष्टिपटल. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, सर, तुम्ही भिंग डोळ्याच्या बाहेर काढलंय. मुलं हसली. फळाच खराब आहे. मुख्याध्यापकांना कळवणार.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. संध्याकाळी ७

अंगणात शास्त्रीय चाचणी. गाडी शेजारच्या आबांच्या गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली, तीनही दिवे लावले. नीलमला भिंतीपाशी उभं केलं. ती म्हणाली, सांगा, किती बोटं?

म्हणालो, चार.

तिनं परत हात वर केला. म्हणालो, तीन. ती जवळ आली आणि म्हणाली, अहो, मी बोटं दाखवलीच नव्हती. मूठ होती. दोन्ही वेळा.

नीलमचा हात हलला. त्यामुळे मोजणी अवैध. शिवाय दिव्याभोवती कडी होती, किड्यांची असावीत. नोव्हेंबरात किडे कमी असतात, पण शेजारी गोठा आहे.

तिनं बार स्वतः बंद केला.  

शनिवार, २९ नोव्हेंबर

स्टेशनवर गेलो नाही. सर्दी. (सर्दी नव्हती. वहीतही कशाला.)

अपेक्षा जीपनं आली. जेवताना मी म्हणालो, तुला अंधाराची एवढी भीती वाटत असेल तर टपावर आणखी एक बार बसवू. ताटाकडे बघत म्हणाली, मला अंधाराची नाही वाटत बाबा. तुमच्या शेजारी बसायची वाटते.

नीलमनं भाजी वाढली. मला नको होती, तरी खाल्ली.

वाक्य रात्री तीनदा आठवून पाहिलं. दुसरा काही अर्थ निघतो का ते पाहिलं. निघत नाही.

मंगळवार, २ डिसेंबर. दौंड

जवळचं वाचायच्या चष्म्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दुसरं काही कारण नाही. डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्यानं पेनाएवढा टॉर्च काढला. एवढासा. आणि त्याला त्यात सगळं दिसलं.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. म्हणाला, समोरून दिवा आला की सगळीकडे पसरतो ना? म्हणालो, अधूनमधून. म्हणाला, आणि स्वतःच्या गाडीचा उजेड वाढवला की आणखीच पांढरं होत असेल? म्हणालो, कुणी सांगितलं तुम्हाला? म्हणाला, सर, भिंगच धुरकट झालंय, बाहेर कितीही दिवे लावा. ऑपरेशन जानेवारीत. तोवर अंधारात गाडी चालवायची नाही.

वय बावन्न. हे वय नाही. नीलम बाहेर बाकावर बसली होती. तिनं 'मी म्हणत होते' म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

शनिवार, ६ डिसेंबर. रात्री ९

गुरुवारी शिरूरला जाऊन बार काढून टाकला.  खालचे पिवळे दोन ठेवले, पण त्याच्या पद्धतीनं: डिपर मारला की बंद. वेगळा स्विच काढला, तिथे आता एक भोक आहे.

आज उजेडातच निघालो. सव्वाचारला दौंड. गाडी यायला तीन तास. बाकावर बसून राहिलो. अंधार पडताना पाहिला, पहिल्यांदाच नीट, कारण कुठे जायचं नव्हतं. अपेक्षा जिन्यावरून उतरली, मला पाहिलं आणि जीपकडे वळली. मी चावी पुढे केली.

लायसन्स तिच्याकडे तीन वर्षं आहे. रात्री कधी चालवू दिली नाही. अंधाराला अनुभव लागतो, असं मीच म्हणायचो.

मी डावीकडे बसलो. पाऊण तास माझे पाय रिकामेच ब्रेक मारत होते.  पुलापलीकडे एक सायकलवाला समोरून आला. तिनं दिवे खाली केले, वेग कमी केला, तो पूर्ण जाईपर्यंत थांबल्यासारखी चालली. यात कौशल्य असं काही नाही. कुणालाही जमेल.

इनामगावचा फाटा मागे पडल्यावर तिनं विचारलं, साहेबराव काकांकडे जाऊन आलात? म्हणालो, लाइट नेमका कुणाचा होता ते अजून निश्चित नाही. तिनं गाडी हळू केली नाही, माझ्याकडे बघितलं नाही, काहीच केलं नाही. घरापर्यंत.

रविवार, ७ डिसेंबर. सकाळी ९

सात वाजता चालत साहेबरावांच्या घरी. अंगणात खाटेवर, पाय उशीवर. त्यांच्या आईनं, ताईबाईंनी, खुर्ची दिली. मी एकोणीस लिटरचे पैसे पाकिटात घालून नेले होते, खाटेवर ठेवले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते विसरलो.

साहेबरावांनी पैसे मोजले नाहीत. म्हणाले, दुधाचं घेतो सर, गुडघ्याचं ऱ्हाऊ द्या. गाडी तुमचीच व्हती, ते मला तवाच कळलं. आख्ख्या पट्ट्यात तसली दुसरी कुणाची हाय? ताईबाई म्हणाल्या, मग बोलला का न्हाईस रं इतके दिवस? तर म्हणाले, कशाला बोलायचं आये, सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय जानेवारीत, गावाला म्हाईत हाय. त्यास्नी मी दिसलोच नसंल. दिसलो असतो तर थांबले नसते व्हय?

चांगलं कारण होतं. डॉक्टरांच्या कागदासकट.

म्हणालो, दिसला होतात.

साहेबरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाकीट घडी करून उशीखाली ठेवलं. ताईबाईंनी आतून दुधाचा चहा आणला. प्यायलो, आणि चालत घरी आलो.