झिल्फानं पाडलेलं भगदाड

मी, ऑर्मंड विलिस, वय शहाऐंशी, धंदा होड्या बांधणे (हात थरथरायला लागल्यापासून बंद), राहणार नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरचं आमचं बेट, खाडीच्या बाजूचं शेवटचं घर, हे मृत्युपत्र स्वखुशीनं लिहून ठेवत आहे. मला कोणी दटावलेलं नाही, पाजलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. एकदा नव्हतं, त्याचा खुलासा चौथ्या कलमात येईल. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी स्वतःबद्दल फारच बरं लिहिलं होतं.

कलम १. माझे वाकस, रंधे आणि पटाश्या गावच्या शाळेतल्या सुतारकामाच्या वर्गाला द्याव्यात. मुलाला, म्हणजे कार्ल्टनला, देत नाही. तो त्या आपल्या शहरातल्या घरी भिंतीवर टांगेल. हत्याराला फाशी दिलेली मला बघवणार नाही.

कलम २. माझा चुलतभाऊ मर्टन यानं दोन दिवसांच्या बोलीवर माझ्या होडीचा नांगर नेला, त्याला आता त्याची नातवंडं मोठी झाली. तो नांगर मी त्यालाच देत आहे. निदान मेल्यावर तरी त्याच्या अंगणात माझी वस्तू पडलेली नको.

कलम ३. बँकेत जे काही आहे ते कार्ल्टनचं. घर त्याचं नाही. हे त्याला फोनवर सांगून झालंय आणि त्याचं खवळूनही झालंय. "बाबा, उन्हाळ्यात भाड्यानं दिलं तर काय मिळेल, कल्पना तरी आहे का?" असं तो म्हणाला. आहे कल्पना. कार्ल्टन, तू चांगला मुलगा आहेस. पण त्या दिवशी तू इथं नव्हतास आणि मी होतो. तुझ्यापेक्षा माझी लाज मोठी आहे.

कलम ४. घर. इथं जरा सविस्तर लिहावं लागेल.

समोरच्या दाराच्या चौकटीवर, वादळात पाणी कुठवर चढलं त्याच्या रेघा आहेत. १८९९ची आजोबांनी सुरीनं कोरली, १९३३ आणि १९४४च्या वडिलांनी. त्या काळी वादळांना नावं नसत, सन म्हटलं की पुरे. पुढं नावं आली. आयोन, इसाबेल, या रेघा माझ्या हातच्या. ४४ साली मी सात वर्षांचा होतो. आमचं पाणी समुद्राकडून येत नाही. वारा फिरला की खाडी पाठीमागून घरात शिरते. वडिलांनी बैठकीच्या जमिनीतलं लाकडी बूच उपटलं आणि पाणी खळाळून वर आलं. आई किंचाळली. वडील म्हणाले, "येऊ दे गं त्याला. आत घेतलं तर नुसता चिखल होतो. बाहेर अडवलं तर घर तरंगतं, मग ते आपलं राहत नाही."

हीच गोष्ट मी दर सप्टेंबरात शाळेतल्या पोरांना सांगत आलो. सगळी वादळं सनावळीसकट, आणि शेवटी बुचाचं महत्त्व. पोरं मला वादळआजोबा म्हणायची. मी फुगायचो.

आणि याच वादळआजोबांनी इसाबेलनंतर बैठकीत ओकच्या नव्या फळ्या ठोकल्या, बुचावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतकं सुबक काम माझ्या हातून दुसरं झालं नाही. माझी बायको अल्मेडा तेव्हा होती. म्हणाली, "अरे, बूच तरी मोकळं ठेव." मी म्हटलं, "एवढं पाणी आता पुन्हा यायचं नाही." देवा रे, काय ही माझी जीभ!

शेजारी झिल्फा, माझ्या धाकट्या भावाची, रोलनची, विधवा. आम्ही शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळे तिची माझ्याशी अरेतुरेच. दोन घरांच्या मध्ये अंजिराचं झाड आहे. अंजीर कोणाचे, यावरून आमचं फाटलं. ती दरवर्षी त्याचा मुरंबा घालायची आणि मला एक बरणी द्यायची. मी ती बरणी परत पाठवून मध्ये कुंपण ठोकलं. अंजिरासाठी! माझा एकही दात तेव्हा धड नव्हता.

डोरियन वादळाच्या दिवशी, २०१९ साली, सकाळी वारा फिरला. बघता बघता पाणी पायऱ्या चढलं आणि पायांखाली घर हललं. धक्क्यावरून होडी सुटताना हलते ना, अगदी तसं. झिल्फानं ते तिच्या खिडकीतून पाहिलं. तिच्या घरातलं बूच तिनं अजून उपटलं नव्हतं. ते उपटायचं सोडून ती कुऱ्हाड घेऊन माझ्याकडे निघाली. वाटेत माझं कुंपण. ते फोडण्यात तिचा वेळ गेला.

कमरेपर्यंत भिजलेली ती दारात उभी. "ऑर्मंड, बूच कुठाय?"

"फळ्यांखाली."

"मेल्या! आणि पोरांना इतिहास शिकवतोस?"

तिनं कुऱ्हाड उचलली. मी आडवा आलो. होय, घर सुटायला आलेलं असताना मी म्हणालो, "माझ्या फळ्यांना हात लावू नकोस."

"बाजूला हो, नाहीतर आधी तुझा पाय तोडीन."

ती घाव घालत राहिली आणि मी तिला शिव्या देत राहिलो. शेवटी पाणी वर उसळलं, घर करकरलं आणि खाली बसलं. तेव्हा कुठं आम्ही खिडकीबाहेर पाहिलं. तिचं घर खांबांवरून उचललं गेलं होतं. ते हळूच वळलं आणि अंजिराच्या झाडावर जाऊन मोडलं. ती एवढंच म्हणाली, "रोलनचा फोटो आत होता."

तेव्हापासून ती माझ्या अंगणात चाकांवरच्या पत्र्याच्या घरात राहते. रोज माझ्या पायरीवर जेवण ठेवते, कधी शिंपल्यांचं कालवण, कधी तळलेला मासा, आणि परत जाते. मी तिला आत बोलावलेलं नाही. भगदाडावर सतरंजी टाकली आहे. तिनं ती ओलांडली तर मी कुठं बघू? एकदा आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "राहू दे, तिकडे मासा करपेल." भरपाई देऊ केली, तर म्हणाली, "घर पाण्यानं नेलं. पाण्याचं देणं फेडणारा तू कोण?"

फुकटचं ती घेणार नाही. म्हणून असं लिहितो. माझ्या बैठकीतलं भगदाड झिल्फा विलिस हिचं आहे. तिनं ते स्वतःच्या कुऱ्हाडीनं पाडलं, त्यावर माझा काडीचा हक्क नाही. भगदाड उचलून नेता येत नाही, सबब त्याच्या भोवतीच्या फळ्या, भिंती, छप्पर आणि खालची जमीनही तिचीच. अंजिराचं झाड आधीपासूनच तिचं होतं. चौकटीवर डोरियनची रेघ मी मारलेली नाही. ती तिनं मारावी.

ती नाही म्हणालीच, तर भगदाडावर पुन्हा फळ्या ठोकाव्यात आणि घर पुढच्या वादळाला देऊन टाकावं. मी तिला ओळखतो. असं ती होऊ देणार नाही.

सही करण्याआधीची भर. वरचा मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. पोस्टातल्या व्हर्नाबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "हे सगळं तिला तुम्ही मेल्यावर कळणार? अहो, मेल्यावर कसली लाज वाटणार तुम्हाला? सगळी तिच्याच गळ्यात पडेल." पाद्रीबुवांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

मी सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवली. दार उघडून हाक मारली, "झिल्फा, आत ये."

तिनं पत्र्याच्या घरातून डोकं बाहेर काढलं. आधी आभाळाकडे पाहिलं, मग खाडीकडे.

"का रे? पाणी आलं का?"

"नाही," मी म्हटलं. "नुसतीच ये."

ती हात पुसत निघाली आहे. पाद्रीबुवांनी पेन परत दिलंय. ती पोचायच्या आत सही करतो.

ऑर्मंड विलिस

आमच्यादेखत सही केली, हात थरथरत होता पण मन नव्हतं:
१. व्हर्ना टॉलसन, पोस्ट कचेरी
२. रेव्हरंड हॉलिस बेकर

स्थळ: राहतं घर, बैठकीची खोली
दिनांक: ६ सप्टेंबर २०२३