खिडकीतल्या ब्रह्मकमळाची वाटणी

नऊच्या नऊ कळ्या माझी नजर लागून गळल्या, असं माझ्या सुनेनं, सुनितानं, आख्ख्या आळीत सांगितलं. नजर लागली नाही. तिनं कुंडी फिरवली. आषाढात ब्रह्मकमळानं कळ्या धरल्या, तेव्हा सोफ्यावर बसणाऱ्यांना फुलं समोरून दिसावीत म्हणून तिनं उजेडाकडची बाजू आत वळवली, पूजा म्हणून कुंडीत तांब्याभर दूध ओतलं आणि तीस बायकांना आरतीला बोलावलं. आठ दिवसांत कळ्या पिवळ्या पडून फरशीवर. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

आता राम राम. मी जनाबाई लडकू भोईर, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण दुसरी, राहणार शिळफाटा, खोपोली, तालुका खालापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्यानं शेजारच्या छायाला विचारावं. कालच तिच्याशी भांडले आणि जिंकले.

घर मुलगा जगदीश याला. तो बायकोपुढे तोंड उघडत नाही, पण पत्रे गळायला लागले की न सांगता वर चढतो. पुढच्या खोलीची पूर्वेची खिडकी बुजवून टीव्हीचं कपाट करायचं नाही.

बँकेतली ठेव साजगावला दिलेली मुलगी नंदा हिला, कारण तिनं कधी मागितली नाही. कोयताही तिलाच. जावई मनोज यांच्या हाती देऊ नये. त्यांना नारळ सोलताना मी पाहिलेलं आहे.

राहिलं ब्रह्मकमळ. एकोणीस वर्षांचं आहे. मी गेल्यावर ते जगलं पाहिजे, बाकी भांडीकुंडी कोणीही न्या. नंदा म्हणते, "आई, मला दे." पण टेंपोत हिंदकळत साजगावला गेलं तर ते वर्षभर रुसेल. सुनिताला दिलं तर दुधात बुडेल. म्हणून ते छायाला.

छाया चोर आहे. सहा वर्षांपूर्वी तिनं माझ्या झाडाचं पान नेलं. मागून आणलेलं पान लागत नाही, चोरूनच आणावं, असं इथल्या बायका मानतात. त्या तोडायच्या, मी दुसरीकडे बघायची. सगळ्यांनी ओलं पान तसंच मातीत खोचलं, कुजवलं. छायानं आठवडाभर सुकवून लावलं. परवाच्या श्रावणात भिंतीपलीकडून वास आला, तशी मी रात्रीची तिच्या दारात गेले.

"काय गं चोरटे, माजंच ना ह्ये?"

"तुजंच हाय. आत ये नि दार लाव, डास येतात."

खिडकीखाली तेलाच्या डब्यात चार फुलं. आरती नाही, फोटो नाही. फुलांनी मान टाकेपर्यंत दोघी बसलो. सकाळी नळावर मी तिला शिव्या दिल्याच.

तर झाड छायाचं, पण जागा माझीच खिडकी. कुंडी लहान आहे, तशीच ठेवावी. मुळं दाटल्याशिवाय ते फुलत नाही. छायानं रोज सकाळी घरात यावं, बोटानं माती बघावी, कोरडी असेल तरच पाणी घालावं. सुनितानं हात लावू नये, बघायला मुभा आहे. फुललं की छायाला खुर्ची द्यावी.

ठिकाण: शिळफाटा, खोपोली
दिनांक: ८ सप्टेंबर २०२५
सही: जनाबाई लडकू भोईर (अंगठा नाही, सही येते)
साक्षीदार: १. बुधाजी कान्हा ठोंबरे २. भागी कमलेश पिंगळे

ता. क. छाया दारातून हाक मारील. "कोण आलंय बघा हो" म्हणत जगदीशला पुढे ढकलायचं नाही. ओ सुनितानंच द्यायची.